एका फेरीत काळं झालेलं ऑइल

माझ्या उजव्या हाताच्या बोटावरचा ऑइलचा तो काळा डाग मला आजही आठवतो. त्या डागावर भरवसा ठेवून मी एका निरपराध माणसाला लॉकअपमध्ये टाकलं होतं. नोकरीत चुका सगळ्यांच्याच हातून होतात. पण ही चूक मी मोठ्या रुबाबात केली होती, म्हणून ती जास्त सलते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी भिवंडीत फौजदार होतो. शुक्रवारी लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद असायचे. एरवीची खडखड थांबली की गावात नव्याने आलेल्या माणसाला चुकल्यासारखं व्हायचं. आम्हाला मात्र त्या दिवशी फोन नीट ऐकू यायचा. अशाच एका शुक्रवारी सकाळी खबर आली की पडघ्याच्या अलीकडे, आमच्या हद्दीत, दूध घेऊन निघालेल्या एका सायकलवाल्याला गाडीने उडवलं आणि गाडी पळून गेली. मी पोहोचलो तेव्हा रस्त्याकडेच्या गवतात सायकल पडली होती, कॅन चेपला होता. माणूस त्याआधी बराच वेळ तिथेच पडून होता, असं कळलं. दवाखान्याच्या वाटेवर तो गेला.

पंचनामा चालू असताना त्याची बायको बाजूला बसली होती. रडत नव्हती. मला म्हणाली, "साहेब, गाडीवाला थांबला असता, तर माझा मानूस वाचला असता. तो थांबला न्हाय." मी मनाशी ठरवलं की आज दिवस मावळायच्या आत आरोपी पकडायचा. घाईचं बी तिथेच पेरलं गेलं.

खबर मिळायला वेळ लागला नाही. पडघ्याच्या नाक्यावर एक चहावाला होता. तो झुंजूमुंजू असताना भट्टी पेटवायचा आणि येणाजाणाऱ्या गाड्यांवर त्याची नजर असायची. त्याने आमच्या बीट हवालदाराला सांगितलं, "हिरवी पिकअप होती. मागच्या फळीवर पोपटाची जोडी काढलेली. भिवंडीच्या अंगाला गेली." पोपटाच्या जोडीची हिरवी पिकअप कामतघरच्या एका शेठची आहे, हे आमच्या पोलीस ठाण्यात दोघातिघांना माहीत होतं. दुपारी चारच्या सुमाराला आम्ही त्यांच्या गोदामात उभे होतो. गाडी तिथेच होती. डाव्या हेडलाइटची काच नव्हती आणि मडगार्ड आत दबलं होतं.

शेठ घाबरले नाहीत. ड्रायव्हरला पुढे केलं. तिशीचा, तरतरीत माणूस. त्याचा जबाब अगदी सफाईदार होता. ऑइल बदलायला गाडी गुरुवारी संध्याकाळी निजामपुऱ्यातल्या मिस्त्रीकडे सोडली. शुक्रवारी अकराला घ्यायला गेलो. मिस्त्रीने माझ्यासमोर ऑइल बदललं. गाडी थेट गोदामात आणली, तेव्हापासून जागची हललेली नाही. काच तिथेच फुटलेली दिसली.

"तू स्वतः उभा होतास?" मी विचारलं.

"साहेब, माझ्या डोळ्यांसमोर पिवळंधमक ऑइल ओतलं त्याने. खोटं कशाला बोलू?"

हवालदाराने ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. हे लक्षात ठेवा. मी मात्र विसरलो.

निजामपुऱ्यातलं ते गॅरेज म्हणजे एका अरुंद बोळाच्या आतल्या टोकाला असलेली पत्र्याची शेड. आत भिंतीवर ओळीने खिळे आणि प्रत्येक खिळ्यावर गिऱ्हाइकाच्या गाडीची चावी. मिस्त्री पन्नाशीचा, बारीक अंगाचा. डिझेल गाड्यांत त्याचा हात धरणारा दुसरा कुणी नाही असं लोक म्हणायचे. तो म्हणाला, "गाडी गुरुवारी दुपारी आली, साहेब. ऑइल बदली केलं. मगरिबच्या, सांजेच्या नमाजाआधी ड्रायव्हर घेऊन गेला. काच तब साबूत थी."

आता एकाचा शब्द दुसऱ्याविरुद्ध. बोळात रोज पाच-सहा गाड्या उभ्या असायच्या. कोणती कधी गेली हे शेजाऱ्यांपैकी कुणालाच सांगता येईना. मग मी हुशारी केली. मिस्त्रीला सगळ्यांदेखत बोळातून चालवत जीपपर्यंत नेलं, गोदामात आलो, बॉनेट उघडायला लावलं आणि डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, स्वतःच्या हाताने बाहेर ओढली. बोट फिरवलं. बोट काळंकुट्ट.

"हे कालचं नवं ऑइल?"

"हां साहेब. डिझेलची गाडी आहे, तिचं ऑइल..."

"गप्प बस. मला शिकवू नकोस."

माझ्याकडे मोटारसायकल होती. ठाण्याची जीपही पेट्रोलची. दोन्हींचं ऑइल बदलल्यावर कितीतरी दिवस मधासारखं राहायचं, हे मी डोळ्यांनी बघितलेलं. म्हणजे मिस्त्रीने ऑइल बदललंच नाही. जो ऑइलबद्दल खोटं बोलतो, तो बाकी सगळंच खोटं बोलणार. गिऱ्हाइकाची गाडी घेऊन हाच पहाटे पडघ्याला गेला असणार. माझा हिशेब इतका झटपट जुळला की मलाच माझं कौतुक वाटलं. स्टेशन डायरीत नोंद झाली आणि मिस्त्री आत गेला. जाताना त्याने वाद घातला नाही. फक्त म्हणाला, "साहेब, बोळातून चालवत नेलं नसतं तर बरं झालं असतं."

शनिवारी सकाळी मी गॅरेजवरून गेलो. शेड उघडीच होती, मिस्त्रीचा भाऊ बाहेर स्टुलावर बसला होता. मी आत डोकावलो. भिंतीवरचे खिळे रिकामे होते. गिऱ्हाइकाची गाडी परस्पर फिरवणाऱ्याकडे चावी कोण ठेवणार? एका रात्रीत सगळे आपापल्या चाव्या घेऊन गेले होते. ते खिळे बघून मला पहिल्यांदा अस्वस्थ वाटलं. दुपारी मिस्त्रीला कोर्टात हजर करून कोठडी मागायची होती. तिथे त्याचं नाव एकदा लागलं असतं, तर पुढे सुटला तरी त्या खिळ्यांवर पुन्हा चावी आली नसती.

ठाण्यात आलो तर आमच्या जीपचा ड्रायव्हर हवालदार पायरीवर चहा पीत होता. पोलिसात येण्याआधी त्याने नाशिक लाइनवर ट्रक चालवले होते. मी सहज म्हणावं तसं विचारलं, "काय हो, डिझेल गाडीचं नवं ऑइल किती दिवसांत काळं होतं?"

"दिवस कसले, साहेब? एका फेरीत होतं."

मग त्याने समजावलं. डिझेल जळताना काजळी धरते. त्यातली थोडी पिस्टनच्या कडेने खाली ऑइलात उतरते. शिवाय जुनं ऑइल कितीही काढा, इंजिनच्या कानाकोपऱ्यात थोडं उरतंच; नवं ऑइल ती घाण धुऊन स्वतःत घेतं. "काळं झालं म्हणजे ऑइल आपलं काम करतंय. जास्त दिवस पिवळं राहिलं तरच मी बॉनेट उघडून बघीन."

"हे काल का नाही सांगितलंत?"

"काल विचारलं कुठं, साहेब?"

त्याचं खरं होतं. मी खोलीत गेलो आणि जबाबांचे कागद काढून पहिल्यापासून वाचले. ड्रायव्हरचे शब्द तिथे होते: पिवळंधमक ऑइल ओतलं, गाडी थेट गोदामात आणली, जागची हलली नाही. निजामपुऱ्यातून कामतघरला गाडीला सात-आठ मिनिटं लागतात. तेवढ्यात ते ऑइल इतकं काळं होईल का? जो डाग मी मिस्त्रीच्या कपाळी लावला होता, त्याचा जाब ड्रायव्हरलाही विचारायला हवा होता.

दोन पंच बोलावले. गाडीतलं काळं ऑइल काढून बाटलीत सील केलं. मिस्त्रीला बाहेर आणून त्याच्याच हाताने, पंचांसमोर, त्याच गाडीत नवं ऑइल भरलं. लूमवरून कोऱ्या मांजरपाटाचा तुकडा मागवला आणि डब्यातल्या नव्या ऑइलचा एक थेंब त्यावर टाकला, मधाच्या रंगाचा. गाडी गॅरेजपासून कामतघरला नेली आणि पट्टी काढली. दुसरा थेंब कडक चहासारखा. मग आमच्या ड्रायव्हर हवालदाराने गाडी पडघ्यापर्यंत नेऊन आणली. तिसरा थेंब कापडावर पडला. डोळ्यात घालायच्या काजळाचा रंग होता तो. बाटलीतल्या ऑइलचा चौथा थेंब शेजारी टाकला, तर तिसरा कोणता आणि चौथा कोणता हे पंचांना सांगता येईना.

ड्रायव्हरला बोलावलं. आवाज चढवला नाही, दमदाटी केली नाही. त्याचाच जबाब त्याला वाचून दाखवला आणि कापड टेबलावर पसरलं.

"तू ओतताना बघितलंस ते ऑइल कुठलं?"

त्याने पहिल्या थेंबावर बोट ठेवलं.

"कामतघरला आल्यावर असं होतं." मी दुसरा दाखवला. "पडघ्याला जाऊन आल्यावर असं. आता सांग, काल तुझ्या गाडीत असं का होतं?"

आयुष्य गाडीवर काढलेला माणूस तो, डिझेलचं ऑइल काळं होतं हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण जबाबातली वेळ पक्की करायच्या नादात तो एक वाक्य जास्त बोलून गेला होता. तो खाली बसला आणि सांगू लागला. गुरुवारी संध्याकाळीच गाडी ताब्यात घेतली होती आणि रात्री आपल्या घरापाशी ठेवली होती. शुक्रवारी लूम बंद, शेठला पत्ता लागणार नाही म्हणून परस्पर भाडं मारून पडघ्याची भाजी आणायला पहाटे निघाला. "थांबलो असतो तर लोकांनी जीव घेतला असता, साहेब."

"तिथे लोक होतेच कुठे?" मी म्हणालो. तो रडायला लागला.

मिस्त्रीला सोडण्याचे कागद मी स्वतः केले. माफी मागायची त्या काळी आमच्या खात्यात पद्धत नव्हती आणि माझ्यात हिंमतही नव्हती. आज मागितली असती. त्याने आपली टोपी झटकली, सलाम केला आणि ज्या बोळातून मी त्याला चालवत आणलं होतं त्याच बोळातून एकटा परत गेला.

पुढे अनेक तपास केले. पुरावा कधीच खोटं बोलत नाही असं लोक म्हणतात. ते खरं असेल, पण आपल्याला जे माहीत नाही ते पुरावा सांगत बसत नाही, ते माहितगाराला विचारावं लागतं. आणि माहितगार बहुधा आपण "गप्प बस" म्हणालेलाच असतो. काळे हात बघून माणूस पारखायची माझी सवय त्या दिवसापासून मोडली. सगळी मोडली असं म्हणणार नाही, पण बरीचशी.

सोमवारी सकाळी, बोळात भरपूर वर्दळ असताना, मी गणवेशात त्या गॅरेजवर गेलो. खिळे अजून रिकामेच होते. मी खिशातून माझ्या मोटारसायकलची चावी काढली आणि पहिल्या खिळ्याला अडकवली.

"ऑइल बदलायचंय, मिस्त्री. संध्याकाळपर्यंत राहू द्या तुमच्याकडे."

त्याने चावीकडे पाहिलं, मग बाहेर थांबून बघणाऱ्या लोकांकडे. हात पुसत सावकाश म्हणाला, "ये पेट्रोल की है, साहेब. हिचं ऑइल काळं झालं, तर खुशाल मला पकडायला या."