दादाच्या खिशातली किल्ली

आमच्या घराचं दार उघडायची एक रीत होती. मूठ धरून दार किंचित वर उचलायचं, किल्ली घालायची, जराशी मागे ओढायची आणि मग फिरवायची. घाई केलीत की संपलं, बसा मग घाम पुसत. असलं कुलूप कुणी शहाणा माणूस ठेवणार नाही. आम्ही नऊ वर्षं ठेवलं, कारण त्याची एक किल्ली दादाच्या खिशात होती.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. ऑफिसातल्या मित्रांबरोबर एक दिवसासाठी डोंगरातला धबधबा बघायला गेला. उतरताना धुकं आलं. "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच," म्हणाला आणि मागे राहिला. तो आलाच नाही. दोर घेऊन माणसं उतरली, कुत्री आणली, पण बूट नाही की बॅग नाही, काही म्हणजे काही सापडलं नाही. माणूस असा गेला की घरच्यांनी रडायचं की वाट बघायची, हेच कळत नाही. आईनं वाट बघायचं ठरवलं. वहिनीला कुणी विचारलंच नाही.

लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेली ती पोर, लोक म्हणाले माहेरी जा. ती गेली नाही. बाजारात जिन्याखाली तिचं बॅगा दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, एक मशीन, एक स्टूल आणि भिंतीला टांगलेल्या बॅगा. पट्टे शिवायचे, चेन बदलायची, रनर बसवायचा. बोटांना सुईनं भोकं पडलेली आणि तोंड मिटलेलं. मी दवाखान्यात पेशंटचे नंबर पुकारते, त्यामुळे घरातलं बोलणंही माझ्याच वाट्याला आलेलं. आई म्हणते, तू कुजबुजलीस तरी वरच्या मजल्याला ऐकू जातं.

वहिनी एकाच गिऱ्हाइकाशी बोलायची. डोंगरात फिरणारं कुणी पाठीवरची सॅक घेऊन आलं की हातातलं काम थांबवून विचारायची, "धबधब्याकडे जाता का हो? तो ओढा उजवीकडून ओलांडायचा ना? मधली दरड कोसळलेली अजून तशीच आहे?" ऐकून घ्यायची आणि पुन्हा मान खाली. मला वाटायचं, बाईला उगाच छळून घ्यायची हौस आहे. तसं मी एकदा म्हटलंही. तिनं दाताने दोरा तोडला आणि म्हणाली, "तुझा नंबर आला की सांगते."

एक संध्याकाळ मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही. आम्ही तिघी घरात होतो. आई भाजी निवडत होती, वहिनी घरी आणलेला पट्टा शिवत होती, मी टीव्हीशी भांडत होते. आणि कुलपात किल्ली खुडबुडायला लागली. ज्यांच्याकडे किल्ल्या, त्या तिघी तर आतच. आई उठली, मांडीवरची भाजी सगळी जमिनीवर. तिनं धावत जाऊन दार उघडलं. बाहेर वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, कानाला फोन लावलेला. मजला चुकला होता बिचारा. "सॉरी हं काकू," म्हणाला. आई म्हणाली, "काही हरकत नाही." आणि तिथेच उंबऱ्यात खाली बसली.

वहिनी जागची हललीसुद्धा नव्हती. रागच आला मला तिचा. झोपायच्या आधी ती एवढंच म्हणाली, "दार उचललं नाही गं त्यानं. मला तेव्हाच कळलं, हे नव्हेत." मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही रोज ऐकते. आईपेक्षा जास्त ऐकते.

त्यानंतर कुलूप बदलायचा विषय मी एकदाच काढला. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. दर महिन्याला ती कुलपात तेल सोडायची. "त्याला त्रास नको," म्हणायची.

आता चष्मेवाल्याबद्दल सांगायला हवं. वहिनीच्या दुकानाशेजारी त्याचं दुकान. बायको वारलेली, मूलबाळ नाही, माणूस सरळ. स्वतःच्या काचा बाटलीच्या बुडाएवढ्या जाड, पण दुसऱ्याला चाळशी लावून देण्यात पटाईत. दर महिन्याला याच्याच बॅगेचा रनर कसा तुटतो, हे मी काय ते ओळखलं होतं. शेवटी त्यानं धीर करून वहिनीला लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, "आधी मला एकदा तिथे जाऊन येऊ द्या. मग सांगते."

जेवताना तिनं हे घरात सांगितलं. माझा घास हातातच राहिला.

आईनं विचारलं, "कशाला जायचंय?"

"बघायला."

"काय आहे तिथे बघायला?"

"तेच बघायचंय."

आई म्हणाली, "तू जाऊन आलीस म्हणजे तो गेला."

"आणि मी गेले नाही म्हणून ते आले का, आई?"

नऊ वर्षांत हे आमच्या घरात कुणी बोललं नव्हतं. आईनं ताट उचललं आणि आत गेली. मला ठाऊक होतं, आईनं नाही म्हटलं तर ही जाणार नाही, आणि गेली नाही तर त्या माणसाला होही म्हणणार नाही. जन्मभर त्या दाराकडे कान लावून बसेल, आईबरोबर.

आईनं ना हो म्हटलं ना नाही. आम्ही आपली तयारी चालू ठेवली. रविवारची पहिली बस धरायची. खाणीच्या वळणावर उतरायचं. तिथून पायवाट, मग ओढा, मग दरडीच्या वरच्या अंगानं चढ. वहिनी हे असं सांगत होती जसं काही लहानपण तिथेच गेलंय. कोरडे कपडे प्लास्टिकमध्ये, उकडलेली अंडी, काकड्या, माझ्या बुटांना नव्या नाड्या. चष्मेवाल्यानं एक शिट्टी आणून दिली. धुकं आलं तर वाजवा, म्हणाला. ती त्याला येऊ देणार नव्हती. वहिनीनं शिट्टी सॅकच्या पट्ट्याला शिवून टाकली. आई या सगळ्यातून मुक्यानं ये-जा करत होती. मी दोनदा तिच्याशी भांडण काढून बघितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

शनिवारी दवाखान्यातून आले. दार उचललं, किल्ली घातली, मागे ओढली, फिरवली. फिरेना. पुन्हा केलं. मजला चुकले का बघितलं, तर पाटी आमचीच. आपल्याच दारात आपलीच किल्ली लागत नाही, यापेक्षा वाईट काही नसेल. दादा आला असता तर असाच उभा राहिला असता, हे मनात आलं आणि मला पायरीवर बसावंच लागलं. तेवढ्यात वहिनी जिना चढून आली. माझ्या हातातली किल्ली घेऊन तिनं लावून बघितली. मग बोटानं कुलूप चाचपलं. नवं होतं.

"आईंनी बदललं," ती म्हणाली आणि दाराला डोकं टेकून रडायला लागली. नऊ वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

आईनं दार उघडलं. "बेल वाजवायची होती. खुडबूड कसली करताय दोघी." किल्लीवाला दुपारीच येऊन गेला होता. टेबलावर तीन किल्ल्या होत्या. एक तिनं मला दिली. दुसरी वहिनीला. "लग्न झालं म्हणून परत देऊ नकोस. चष्मेवाल्याशी भांडलीस तर यायला लागेल." तिसरी किल्ली तिनं वहिनीच्याच मेणाच्या दोऱ्यात ओवली होती. "ही तिथे ठेव. त्याच्याकडे जुनी आहे, ती आता लागायची नाही."

वहिनीनं मान हलवली. मला मात्र राहवेना. "आणि तुझी?"

"मला कशाला किल्ली? मी घरातच असते. कुणीतरी दार उघडायला हवं ना."

मला तिचा इतका राग आला, आणि इतकी दया आली, की मी मोरीत जाऊन तोंड धूत राहिले.

दुसऱ्या दिवशी वाट वहिनी म्हणाली तशीच निघाली, ओढ्यासकट. धबधब्यापाशी बोललेलं काही ऐकू येत नव्हतं. ती बराच वेळ नुसती बघत उभी राहिली. मग तुषार पोचणार नाहीत अशी एक कपार शोधून तिनं किल्ली आत ठेवली. परत फिरताना शिट्टी एकदाच वाजवली. आम्ही दोघी थांबलो. पलीकडून काही उत्तर आलं असतं तरी त्या पाण्यात कळलं नसतं. "चल," ती म्हणाली. "उद्या चष्मेवाल्यांना हो सांगते."

अंधार पडता पडता घरी पोचलो. मी किल्ली काढली, तर वहिनीनं माझा हात धरला आणि बेल दाबली. आई दाराशीच असावी, लगेच उघडलं.

"ठेवलीस?"

"ठेवली. कोरडी राहील अशा जागी."

"बरं झालं," आई म्हणाली. आम्हाला आत घेतलं, आमच्या मागे जिन्याकडे एकदा बघितलं आणि दार लावून घेतलं.