चावलेला हात

आमच्या मांजरीला टाके घालायला प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथं सुजाता नावाची एक बाई सहायकाचं काम शिकत होती. तिची मुलं शाळेत जायला लागल्यावर तिनं हे शिक्षण सुरू केलं होतं. तिच्या मनगटाला बँडेज होतं.

आमच्या आधी एका भटक्या कुत्र्याला सलाइन लावायचं होतं. डॉक्टर तिला म्हणाल्या, "काल हाच चावलाय ना तुला? आज दुसरं कुणी धरेल."

"नको मॅडम, मीच धरते. आज मागं सरले तर भीती कायमची बसेल."

ती त्याच्याशेजारी फरशीवर बसली आणि तोच हात तिनं त्याला हुंगायला दिला. त्यानं मान हलवली तसा तिनं हात झटकन मागं घेतला, आणि पुन्हा पुढं केला. मग तिनं त्याच्या तोंडाला पट्टी बांधली आणि मान अलगद कुशीत घेतली. सुई टोचताना कुत्रा कण्हला, पण हलला नाही.

धीट माणसाला भीती वाटतच नसेल, असं मला वाटायचं. इथं भीती तिच्यासोबत बसली होती, आणि काम चाललं होतं.

थोड्या वेळानं कुत्रा तिच्या मांडीवर झोपला. डॉक्टरांनी दार हळूच लोटलं आणि आमच्या मांजरीला दुसऱ्या खोलीत न्यायला सांगितलं.