आधी चांगला पाय

लेकरांनो, रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दुखरा गुडघा दाखवा म्हणालात, तर आजोबांनी आधी चांगला गुडघा दाखवला आणि तुम्ही एकमेकांकडे बघितलंत. आजोबांना विसर पडू लागला, असं तुम्हाला वाटलं असणार. तसं नाही. ही सवय त्यांना एका बाईने लावली, आणि सबंध सेनगावात तिच्याइतकं हट्टी माणूस मी पाहिलेलं नाही.

ती साडीवर ब्लाउजपीस जुळवून देणाऱ्या मॅचिंग सेंटरवाल्या चाचांची लेक, सरकारी दवाखान्यात डॉक्टर. खाटेपाशी ओढत आणायचं छोटं सोनोग्राफी यंत्र तिचा जीव की प्राण. मुरगळलेला खांदा येवो की सुजलेलं मनगट, ही यंत्र घेऊन हजर. एक म्हातारबाबा तर ओरडलेच होते, "सोनोग्राफी? मला काय दिवस गेलेत व्हय?" सरावासाठी ती चिकनच्या तुकड्यात माचिसची काडी खुपसून यंत्रावर शोधत बसे, नर्सबाई म्हणत, "मॅडम, आता तरी शिजवू द्या." जेली थंड लागू नये म्हणून बाटली आधी काखेत धरी. आणि 'काही नाही' हे शब्द तिच्यासमोर उच्चारायचे नाहीत. "काही नाही म्हणजे काय? मला दिसलं नाही, असं म्हणा."

तूर काढल्यावर शेतात आजोबांच्या उजव्या तळव्यात धसकट घुसलं, म्हणजे कापलेल्या तुरीचा टोकदार बुडखा. जखम मिटली, सूज मात्र घोट्यापर्यंत चढली. एक्स-रे स्वच्छ. त्यात आजोबांना मधुमेह. आमच्या गल्लीतल्या एकाचा पाय असाच कापावा लागला होता. दवाखान्यात मी रिपोर्ट पुन्हा पुन्हा तारखेवार लावत होते. ती आली आणि तिने जेली लावली डाव्या पायाला.

"अगं पोरी, दुखून राहिला तो पाय! ह्याला काहून धरलंस?"

"काका, साडी बघितल्याबिगर अब्बा ब्लाउजपीस काढतात का? आधी चांगला पाय. मंग दुसरा बराबर जुळवता येतो."

मला तिच्या हातातून यंत्र हिसकावून घ्यावंसं वाटलं. ती मात्र पडद्यावर पायाच्या आतले थर बघत कौतुकात दंग. "बघा काकू, घड्या कशा एकावर एक!" मग तिने उजवा पाय धरला आणि यंत्र एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवू लागली. "काही नाही ना?" मी विचारलं आणि जीभ चावली. ती रागावलीही नाही. पडद्यावर घड्या विस्कटल्या होत्या आणि काळ्या डागात एक पांढरी रेघ होती.

"काका, ही तुमची तूर."

नखाएवढा तुकडा निघाला. एक्स-रेत लाकूड सहसा दिसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. नंतर बाहेरच्या बाकावर माझ्या डब्यातली पोळी खाताना ती म्हणाली, "मी पण लई घाबरले होते, काकू."

गेल्या वर्षी तिची बदली झाली. चाचा अजून आधी साडी मागतात. तो तुकडा मी चिठ्ठी लावून जुन्या डबीत ठेवला आहे. आजोबांचे दोन्ही पाय आहेत.