गाळी मागून येते

छप्पर उघडणारी गाडी घ्यायचं ह्यांनी ठरवलं, तेव्हा मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. ते ह्यांच्या लक्षातच आलं नाही, कारण तोवर ह्यांना ऐकू कमीच येत होतं.

उजवा कान पार गेलेला, डाव्यात मशीन. डाव्याचंही काही खरं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तो किती दिवस टिकेल हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. घरी आल्यावर हे म्हणाले, "मला उघड्या गाडीतून हिंडायचंय." बेंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतला कोणी इंजिनिअर परदेशी निघाला होता. त्याची दोन सीटची जुनी गाडी आमच्या जयनगरच्या दारात येऊन उभी राहिली. नातवंडं झालेल्या माणसाला हे शोभतं का, असं मी विचारलं. ओरडून विचारलं. हल्ली सगळं ओरडूनच विचारावं लागायचं.

आणि खरं दुःख तेच होतं. "गॅस बंद करा" हे ओरडून सांगता येतं. "आज छान दिसताय" असं ओरडलं की शेजारच्या अक्का गच्चीतून वाकून बघतात. वर्षभरात माझ्या तोंडात नुसती ओरडण्याजोगी वाक्यं उरली होती. मी मुळातच तापट, त्यात हे. पूर्वी महत्त्वाचं सगळं आम्ही गाडीत बोलायचो, मुलीच्या लग्नापासून सासूबाईंच्या आजारपणापर्यंत. म्हणून रागावले तरी मनात आशा होती. हे चालवायला बसले की डावा कान माझ्याकडे असतो. देवाने निदान बरोबर बाजूचा ठेवला होता.

पहिल्याच फेरीत आशेवर पाणी पडलं. छप्पर उघडल्याबरोबर मशीनमध्ये नुसती घरघर. ह्यांनी ते काढून शर्टाच्या खिशात टाकलं आणि लहान मुलासारखे हसत गाडी चालवू लागले. मी शेजारी मुक्यासारखी बसले. गंमत म्हणजे वारा पुढून येतच नव्हता. काचेवरून जायचा आणि सीटच्या मागून वळून मानेवर यायचा.

आता वारा म्हटलं खरं, पण आमच्या माहेरी वाऱ्याला वारा म्हणत नाहीत. कित्येक पिढ्या बेंगळूरात काढलेलं आमचं मराठी घर. आमच्याकडे गाळी असते. शब्द कानडी, आमचा कधी झाला कोणास ठाऊक. हे पुण्याचे. लग्न झाल्यापासून दुरुस्त करत आलेत, "गाळी नव्हे, वारा. गाळतात तो चहा." मीही हट्टी. पस्तीस वर्षं गाळीच म्हणत आले.

सीटच्या मागे बसवायचा वाऱ्याचा पडदा मिळतो, असं मुलीने फोनवर सांगितलं. मी लगेच एका दुकानात फोन लावला. माणूस हिंदी बोलणारा निघाला. मी म्हटलं, "पीछे से बहुत गाळी आती है, उसको रोकने का पडदा चाहिए." तो अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, पर्दे से गाली नहीं रुकेगी. पुलिस को बताइए." माझं डोकंच फिरलं. ह्या लोकांना ळ ऐकूच कसा येत नाही? मी फोन आपटला आणि ह्यांना सगळी हकिगत ओरडून सांगितली. हे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. कित्येक महिन्यांनी असे हसले असतील. म्हणाले, "त्याचं काय चुकलं? मला मागून दोन्ही येतात."

दुसऱ्या दुकानात काळ्या जाळीचा पडदा होता. ह्यांना आवडला. मी गाडीत बसून आरशात पाहिलं तर मागचा रस्ता काळपट दिसत होता. ज्याला हॉर्न ऐकू येत नाही, त्याला निदान मागचं नीट दिसायला नको? जाळी नको, पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच हवं, असं मी ठणकावून सांगितलं. पण तयार मिळणारं अ‍ॅक्रिलिक खांद्यापर्यंतच येत होतं. शेवटी अ‍ॅक्रिलिक कापून देणारा एक कारागीर पीण्या औद्योगिक वसाहतीत सापडला.

त्याने गाडी बघितली, ह्यांचा कान बघितला आणि मला विचारलं, "गाळी हिंदिंद बरुत्ता, अक्का?" मागूनच येते ना, असं. मला इतकं बरं वाटलं की रडूच यायचं बाकी राहिलं. पातळ शीट थरथरते, तिचाच आवाज होतो, म्हणून जाड घ्या, असं तो म्हणाला. मग आम्हा दोघांना सीटवर बसवून त्याने मागे पुठ्ठा धरला आणि पेन्सिल टेकवली. हे म्हणाले, "इतका उंच नको, गाडीची शोभा जाते." मी म्हटलं, शोभा गेली खड्ड्यात. "स्वल्प वर घे अण्णा, कान झाकला पाहिजे." त्याने ह्यांच्या कानाच्या चार बोटं वर रेघ मारली.

आठवड्याने तो पडदा बसला. रविवारी सकाळी इलेक्ट्रॉनिक सिटीच्या उड्डाणपुलावर छप्पर उघडलं. ह्यांच्या कानात मशीन होतं. मी सवयीने ओरडायला श्वास घेतला आणि तसाच सोडला. मग समोर बघत, पूर्वी बोलायचे त्या आवाजात म्हटलं, "मला भीती वाटते हो. हाही कान गेला की मी कोणाशी बोलू?"

हे गाडी चालवत राहिले. ऐकू गेलं नाही, असं मी समजले. आरशात मागचा रस्ता स्वच्छ दिसत होता. मग ह्यांनी डावा हात माझ्या हातावर ठेवला.

"गाळी गेली गं," हे म्हणाले.

पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. तरी सोडते होय मी! म्हटलं, "वारा म्हणतात त्याला."

"गाळीच. बोल आता, हळूच बोल," हे म्हणाले. "मी ऐकतोय."