कावळा शिवला नव्हता

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळत आलो. विषय निघाला की चहा घ्यायला उठायचो.

ऐंशीच्या दशकात मी इंडियानातल्या एका विद्यापीठात रॅकूनच्या पोटातल्या जंतांवर काम करत होतो. मांजराहून मोठा, डोळ्यांवर काळा पट्टा असलेला हा प्राणी तिथे कचऱ्याचे डबे उपसत फिरतो. त्याच्या पोटातले जंत उन्हाळ्यापासून वाढत जातात, पानगळीच्या दिवसांत सर्वांत जास्त असतात आणि थंडीत त्याचं खाणं आटलं की बरेचसे बाहेर पडून जातात. त्यांची अंडी लहान मुलाच्या पोटात गेली तर त्यांतून निघालेली अळी मेंदूपर्यंत पोचू शकते. हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी शिकवायचो.

आणि नेमक्या त्या पानगळीच्या दिवसांत, सर्वपित्रीला, मी वडिलांचं पान मागच्या अंगणात लाकडांच्या ढिगावर ठेवलं. कावळा फिरकला नाही. संध्याकाळी एक रॅकून आला आणि दोन्ही हातांत वडा धरून, सगळीकडून फिरवून बघत खाऊ लागला. माझे वडील वडा असाच खायचे.

आतून बायकोने विचारलं, "अहो, शिवला का कावळा?"

"शिवला."

"बघा! मामंजी इथवरसुद्धा आले."

त्यानंतर मी रोज गुपचूप तिथे भात ठेवू लागलो.

थोड्याच दिवसांत आमची दोन वर्षांची मुलगी त्या ढिगाशी बसून माती खाताना सापडली. शेजारीच रॅकूनची विष्ठा. बायको तडक शेजारच्या आजींकडे गेली. त्या मागच्या पायरीवर भटक्या मांजरांना खाऊ घालायच्या.

"तुमच्या कॅट फूडमुळे रॅकून येतात इथे!"

मुलीला कडेवर घेऊन मी मागे उभा होतो. आजींचा चेहरा उतरला. "ओ हनी, हे माझ्यामुळे झालं?" त्यांनी वाडगे उचलले ते कायमचेच.

मी ती घाण डबीत भरून लॅबमध्ये नेली. मायक्रोस्कोपखाली अंडी खच्चून भरलेली होती, पण सगळी कच्ची. एकातही अळी तयार झालेली नव्हती. त्याला काही आठवडे लागतात, आणि मला भात ठेवायला लागून तेवढे दिवस झालेच नव्हते. मी स्टुलावर बसून चक्क हसत सुटलो. घरी येऊन त्या जागेवर पातेली भरभरून उकळतं पाणी ओतलं. डॉक्टर बरेच महिने लक्ष ठेवून होते. मुलीला काही झालं नाही. आज ती दोन मुलांची आई आहे आणि माझ्याशी इंग्रजीत झकास भांडते.

बायकोला मी हे परवा सांगितलं.

"म्हणजे कावळा शिवलाच नव्हता?" ती डोळ्यांत पाणी येईतो हसली. मलाही फार हलकं वाटलं. मग तिने विचारलं, "आणि त्या आजी?"

पुढे आजींना त्यांचा मुलगा स्वतःच्या घरी न्यायला आला, त्या सकाळी मी गाजरहलवा घेऊन त्यांच्या दारात गेलो होतो. डबा हातात घेत त्या हसल्या. "हा बाहेर नाही ठेवणार हं, रॅकून येतील." मीही हसलो, आणि परत आलो.

म्हणायचं होतं ते एवढंच: आजी, तुमच्या मांजरांचं काही चुकलं नव्हतं, तुमचंही नाही. रॅकूनला मी जेवू घालत होतो. मला माफ करा.