निनावी अर्जाची तिसरी प्रत

मोठ्या कचेरीच्या व्हरांड्यात, जिन्याखालच्या तिरक्या जागेत एक बाई बसायची. पुढ्यात स्टूल, स्टुलावर टाइपरायटर, मागे पत्र्याची पेटी. तोंडावर तिला सगळे टाइपबाई म्हणत. माघारी म्हणत तोफखाना.

आणि तोफखाना तरी कसा! माणूस समोर येऊन उभा राहिला की पहिला गोळा सुटायचा. "तक्रार का विनंती? तक्रार असेल तर इथे रडू नका, कागद भिजतो. विनंती असेल तर रडा, पण वर जाऊन, साहेबांपुढे." लोक आपली हकिकत आजोबांपासून सुरू करायचे. बाई बोटं वर धरून थांबायची. "भिंत कोणाची, कोणावर पडली, कधी पडली? झालं. भिंतीचं चरित्र नको." कोणी खोटं सांगू लागला तर त्याच्याकडे न बघता म्हणायची, "हे खोटं आहे. मशीनला चालतं. मला कळलंय, एवढं लक्षात असू द्या."

तरी लोक तिच्याकडेच यायचे. फाटकाबाहेर आणखी दोघे टाइप करणारे बसत, गोड बोलत, आणि माश्या मारत. कारण होतं ती पत्र्याची पेटी. बाई कुठलाही अर्ज तीन प्रतींत काढायची. तीन कागद, मध्ये दोन कार्बन, खटखट करून कडा जुळवायच्या आणि कागद मशीनला भरायचे. एक प्रत कचेरीला, एक अर्जदाराला, तिसरी पेटीत. कचेरी कागद हरवायची, अर्जदारही हरवायचा, मग दोघे एकमेकांना चोर म्हणत जिन्याखाली यायचे आणि बाई पेटी उघडायची. एकदा तर खुद्द एका साहेबांचा बदलीचा अर्ज त्यांच्याच कचेरीत गहाळ झाला होता. साहेब स्वतः जिन्याखाली कमरेत वाकून आले, तेव्हा सगळा व्हरांडा नाटकाला बसावा तसा बघत बसला होता.

नवरा लवकर गेला. मागे एक मुलगी. अंगाने अशी की आडवी धरली तर सावली पडायची नाही, म्हणून काडी. आणि घरात दुसरी एक मुलगी, ती धाकट्या बहिणीची. गोल, हसरी, ठमी.

धाकटी कालव्यापलीकडे राहायची. तिचा नवरा खडीच्या खाणीवर ट्रक चालवायचा. तिकडच्या शाळेत विज्ञानाला मास्तर टिकायचा नाही. आला की महिन्याभरात बदली करून घ्यायचा. म्हणून आठवीपासून ठमी मावशीकडे. सोमवार ते शनिवार इकडे, रविवारी पूल ओलांडून घरी. तीन वर्षं दोघी एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसल्या. एकच दिवा, एकच शाळा, गणिताचं एकच पुस्तक. ते पुस्तक काडी सरळ वाचायची आणि ठमी उलटं. उलट्या आकड्यांची तिला इतकी सवय झाली होती की काडी म्हणायची, "हिला परीक्षेत पेपर उलटा द्या, पहिली येईल."

दोघींनी शिष्यवृत्तीची परीक्षा दिली. जिला मिळेल तिची दोन वर्षांची विज्ञान महाविद्यालयाची फी, वसतिगृह, पुस्तकं, सगळं सरकारकडून. जिला मिळणार नाही तिने आपलं आपण बघायचं. टाइपबाईच्या घरात आपलं आपण बघणं म्हणजे काय ते काडीला ठाऊक होतं. जिन्याखाली दुसरं स्टूल मावेल एवढी जागा होती.

निकाल लागला त्या दिवशी शिपायाने कचेरीच्या भिंतीवर दोन याद्या चिकटवल्या. पेपर एकच होता, दिवस एकच होता, पण याद्या दोन. शहर विभाग, पात्रता गुण दोनशे अकरा. कालव्यापलीकडचा विभाग, पात्रता गुण एकशे शहाण्णव.

काडीला दोनशे सात.

ठमीला एकशे अठ्ठ्याण्णव.

टाइपबाईने दोन्ही याद्या वाचल्या, मग परत वाचल्या, मग शिपायाला म्हणाली, "खळ फार लावलीस. भिंत खराब होते." आणि जाऊन जागेवर बसली. विभागवार पात्रता गुणांचं परिपत्रक तिनेच दरवर्षी टाइप केलं होतं. ठमीच्या फॉर्मवर बापाचा पत्ता, कालव्यापलीकडचा, तोही तिनेच. तेव्हा बोटं चालली होती, डोकं चाललं नव्हतं.

संध्याकाळी धाकटी आली, हातात मिठाईचा खोका. तिच्या मागे ठमी, मान खाली घालून. काडी आत भांडी लावत होती, जरा जास्तच आवाज करत.

"ताई, तोंड गोड कर."

"माझं तोंड गोड झालं तर कचेरी बंद पडेल. ठेव तिथे."

"असं गं काय? तुझ्यामुळेच झालं सगळं."

"ते मी वाचलंय भिंतीवर. काडीपेक्षा नऊ गुण कमी पडले आणि नाव वर गेलं. जादूच आहे. पूल ओलांडला की गणित सोपं होतं वाटतं?"

धाकटीने खोका टेबलावर ठेवला. जरा जोरातच. "आकडा मी ठरवते का?"

"तू कशाला ठरवशील? तू फक्त पत्ता दिलास. पोर माझ्या घरात, जेवण माझ्या घरात, दिवा माझ्या घरात, आणि पत्ता तुझा!"

"दिवा काढलास? पोरीला दिवा दिलास तो मोजून ठेवलास?" धाकटीचा आवाज चढला. "मग मीही मोजते. बाबांनी एकीलाच टाइपिंगच्या क्लासला घातलं. एकीला. मी तुझ्यापेक्षा पुढे होते वर्गात, मास्तर घरी येऊन सांगून गेले होते. मला सतराव्या वर्षी पुलाच्या पलीकडे दिली. तेव्हा पात्रता गुण किती होते गं ताई? सांग की! परिपत्रक असेल ना तुझ्या पेटीत?"

आतली भांडी थांबली. टाइपबाईने खोका धाकटीकडे सरकवला. तिच्यावर गोळा उलटणं फार क्वचित व्हायचं, आणि झालं की ती त्या माणसाला माफ करायची नाही.

"खोका घेऊन जा," ती म्हणाली.

"नाही नेत. मुंग्यांना घाल."

धाकटी गेली. जाताना ठमीने काडीकडे बघितलं. काडीने कपाटाचं दार लावलं.

दुसऱ्या दिवशी टाइपबाई शिष्यवृत्तीच्या साहेबांपुढे उभी राहिली. साहेब भला माणूस, पण परिपत्रकाबाहेरचं बोलायचं म्हणजे त्याला घाम फुटायचा. "बाई, तिकडच्या शाळांत मास्तर नाहीत, प्रयोगशाळा नाही. त्या मुलांना शहराच्या मापाने मोजलं तर तिकडचं एकही नाव यादीत येणार नाही."

"ते मला शिकवू नका, तुमचं परिपत्रक मीच टाइप केलंय. पण जी मुलगी तिकडे शिकलीच नाही तिचं काय?"

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे इथे राहून शिकली? तशी लेखी तक्रार आली तर चौकशी होते. निनावीसुद्धा घेतो आम्ही. खाली तक्रारपेटी आहे."

"आणि शहर विभागात एक जागा वाढते?"

"छे. याद्या वेगळ्या. तिकडचं नाव गळालं तर तिकडचंच दुसरं लागेल."

म्हणजे काडीला काहीच नाही. बाईला हे जिना चढतानाच कळलं होतं, आणि तरीही दुपारी, व्हरांडा रिकामा झाल्यावर, ती मशीनपुढे बसली. रागाला फायदा-तोटा बघायची सवय नसते. तिने लिहिलं, "सदर विद्यार्थिनी गेली तीन वर्षे शहरात मावशीकडे राहून शहरातील शाळेत शिकली असून, तिने दिलेला पत्ता दिशाभूल करणारा आहे." भाषा चोख, खाडाखोड नाही. खाली 'एक हितचिंतक'. कागद काढला, घडी केली, तक्रारपेटीत टाकला. हात धुतले. त्या दिवशी कोणावर तोफ डागली नाही, तेव्हा चहावाल्याने विचारलं, "बाई, बरं नाही का?"

आठवड्याने काडी जिन्याखाली आली. तिला उत्तरपत्रिका परत तपासून घ्यायच्या होत्या आणि त्यासाठी परीक्षेच्या अर्जाची प्रत हवी होती. "पेटीत बघ," आई म्हणाली. समोर एक म्हातारा भिंतीचं चरित्र सांगत होता.

काडी पेटीत वाकली ती वर आलीच नाही. म्हातारा गेला तरी ती गुडघ्यांवरच होती, हातात एक पातळ कागद.

"आई. निनावी अर्जाला तू कार्बन लावलास?"

टाइपबाईने मशीनकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. तीन कागद, दोन कार्बन. अर्जदार नव्हता म्हणून दुसरी प्रतही तशीच पेटीत पडली होती. तीस वर्षं तिच्या हातांनी एक कागद एकटा कधी मशीनला भरलाच नव्हता.

"शहराच्या यादीत ठमीला तेरा गुण कमी पडतील आता," काडी म्हणाली. आवाज आईचाच, गोळा भरलेला. "कोणाला मिळणार यातून?"

"कोणाला नाही."

"मला चार गुण कमी पडले, ते मी चारचौघांत सांगेन. हे कुठे सांगू? टेबलाच्या पलीकडे बसायची गं ती. गणित उलटं वाचून शिकली."

"माझ्या घरात शिकली."

"मग तुझ्या घरातून तिचं नाव कापायला बाहेरचं कोणी लागलं नाही, हे बरंच झालं." काडीने दोन्ही कागद आईच्या स्टुलावर ठेवले आणि गेली. घरी ती जेवली, अंथरूण घातलं, सकाळी उठली. आईशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तोफखान्याला शत्रूचं बोलणं सोसतं, हे सोसेना.

बाईने शिपायाला गाठलं. "त्या तक्रारपेटीतला एक कागद मला हवा."

"पेटीत पडलं की सरकारचं, बाई. आणि ते कालच वर गेलं. तुम्हालाच बोलावणं आहे, गुरुवारी. मावशी तुम्हीच ना?"

गुरुवारी साहेबांच्या खोलीत तिघी. धाकटी एका कोपऱ्यात, ठमी तिला चिकटून, आणि मधल्या खुर्चीच्या मागे टाइपबाई, न बसता. शिपाई दारात रेंगाळला होता. असला प्रवेश तो सोडणार नव्हता.

साहेबांनी अर्ज वाचला. "हा तुमच्याच मशीनवरचा दिसतो."

"या कचेरीतला कुठला कागद माझ्या मशीनवरचा नाही, साहेब? तुमच्या रजेचासुद्धा आहे."

शिपाई खोकला.

"बरं. शाळा शहरातली, हे दाखल्यावर आहे. त्याला हरकत नाही, नियम राहण्याचा आहे. ही मुलगी तीन वर्षं तुमच्या घरी राहत होती का?"

हो म्हटलं की संपलं. धाकटीने बहिणीकडे बघितलंही नाही, ती खिडकीकडे बघत होती. तिला उत्तर माहीत होतं आणि बहीणही माहीत होती.

"पाहुणी होती," टाइपबाई म्हणाली.

"तीन वर्षं पाहुणी?"

"आमच्याकडे पाहुणे टिकतात, साहेब. माझा स्वभाव गोड आहे ना."

आधी शिपायाला हसू फुटलं. मग साहेबांचा चष्मा हलू लागला. शेजारच्या खोलीतल्या कारकुनांनी दारातून माना आत घातल्या, शिपायाने त्यांना वाक्य सांगितलं, आणि तिकडेही हशा उसळला. टाइपबाईच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. तशीच उभी राहून तिने ते वाक्य लेखी दिलं आणि खाली सही केली. तीस वर्षांत दुसऱ्यांचे हजारो कागद टाइप केले. खोट्या मजकुराखाली स्वतःचं नाव ती पहिल्यांदा घालत होती. साहेबांनी डोळे पुसत अर्जावर लिहिलं, तथ्य आढळले नाही.

पायऱ्यांवर धाकटीने तिचा हात धरला. "ताई, मला वाटलं तू... कोण मेला लिहितो गं असं? हात झडोत त्याचे."

इथे गप्प राहिली असती तर दोघी बहिणी त्या संध्याकाळी एकत्र जेवल्या असत्या. टाइपबाईने पिशवीतून तो पातळ कागद काढला आणि बहिणीच्या हातात दिला.

"हात इथेच आहेत. झडायचे तर झडू देत."

धाकटीने ओठ हलवत वाचलं, शेवटपर्यंत. कागदाची घडी घातली, स्वतःच्या पिशवीत ठेवली. "आज खोटं बोललीस ते उपकार म्हणून मी मानणार नाही."

"मानू नकोस. कोणी सांगितलंय?"

"या पायऱ्या मी परत चढणार नाही."

"रुंद आहेत. तुझ्यावाचून रिकाम्या दिसणार नाहीत."

काडीच्या उत्तरपत्रिकेत परत तपासून एक गुण वाढला. दोनशे आठ. तिने गावातल्याच सकाळच्या कॉलेजात नाव घातलं आणि दुपारी जिन्याखाली दुसऱ्या स्टुलावर बसू लागली. आईशी ती बोलू लागली होती, त्या पायऱ्यांवरच्या दिवसापासून. पण कामापुरतं. तिचा वेग आईपेक्षा जास्त होता, आणि तोंडही त्याच वळणावर चाललं होतं.

जूनमध्ये ठमी आली. वसतिगृहाला हमीपत्र हवं होतं. धाकटी खाली, शेवटच्या पायरीपाशी उभी, पाठ कचेरीकडे.

"मावशी, काडीने टाइप केलं तरी चालेल," ठमी हळूच म्हणाली.

"का? माझ्या हातांना काय झालंय?" बाईने तीन कागद घेतले, कार्बन घातले, कडा जुळवल्या. नाव, इयत्ता, वडिलांचा व्यवसाय. मग बोटं थांबली. "कायमचा पत्ता?"

ठमीने खाली आईकडे बघितलं, मग काडीकडे. "मावशी, तुझ्या घराचा लिहायचा? पत्रं तिथेच नीट येतात."

"पलीकडचा सांग," टाइपबाई खेकसली. "एकदा खोटं बोललं की ते जन्मभर सांभाळावं लागतं. मी सांभाळतेय, तूही सांभाळ."

काडी दुसऱ्या स्टुलावरून वाकली आणि तिने तो पत्ता सांगितला, घर क्रमांकासकट, न अडखळता. बाईने टाइप केला. एक प्रत कचेरीला, एक ठमीला. तिसरी तिने पेटीत ठेवली आणि झाकण लावलं. ठमी पायऱ्या उतरली. धाकटीने मागे वळून बघितलं नाही. पण पूल जिथून दिसतो त्या कोपऱ्यापर्यंत ती इतकी सावकाश चालत गेली की टाइपबाईला रिबन बदलायचं निमित्त करून तिथवर बघत बसता आलं.

"बघत काय बसलीस?" काडी म्हणाली. "माणूस उभा आहे समोर."

"दिसतोय मला," टाइपबाई म्हणाली, आणि त्या माणसाकडे वळली. "हं. तक्रार का विनंती?"