रडायचं एकानंच

आमच्या मॅडमसमोर ‘डोकं दुखतंय’ एवढंच म्हणून सुटका नसे. कुठं, कधीपासून, कशानं, हे सांगेपर्यंत दुखणंच कंटाळून निघून जाई. नायगावचं माहेर, लातूरचं सासर. दोन्हीकडची माणसं त्यांना फोन करण्याआधी उत्तरं जुळवून ठेवत.

लातुरात दोन खोल्यांत त्यांचं सॉफ्टवेअरचं काम चाले. मी निलंग्याकडची, नववीत शाळा सुटलेली. टायपिंगला ठेवलं आणि प्रोग्राम लिहायलाही त्यांनीच शिकवलं. आज काढतील, उद्या काढतील, या धास्तीत मी असे.

दुष्काळात टँकरच्या फेऱ्या नोंदवायचं ॲप आमच्याकडं आलं. नोंद झाली नाही तर गावाची पुढची फेरी अडायची. प्रोग्रामच्या प्रत्येक पायरीनंतर मी एकच तुकडा चिकटवला होता: बिघडलं तर थांब, आणि लिही, ‘काहीतरी चुकलं’. नेमकं लिहिलं तर चूक माझी निघेल, ही भीती.

लवकरच चाकूरकडून ड्रायव्हरचा फोन आला. टँकर भरलेला, नोंद होईना, पडद्यावर तेच वाक्य.

“काहीतरी चुकलं म्हणं,” मॅडम माझ्याकडं बघत म्हणाल्या. “मला तर लगीन झाल्यापासून तसंच वाटून राहिलंय. त्यानं काय कळतंय?” ड्रायव्हरला म्हणाल्या, “तू पाणी पोचव, नोंद मी हातानं करते.”

मग माझा प्रोग्राम वाचला. “इतक्या जागी एकच रडगाणं? उद्या उदगीर येगळा जिल्हा झाला आन् मजकूर बदला म्हणले, तर दरेक जागी जाणार हायस का? मयताच्या घरी समदेच एकदम रडले तर कोण गेलं ते कळत न्हाई. रडायचं एकानंच. बाकीच्यांनी आपल्याला ठाऊक हाय तेवढं वाक्य जोडायचं आन् वर धाडायचं.”

तसं केलं. प्रत्येक पायरी आपलं वाक्य जोडून चूक तिच्या वरच्या पायरीकडं पाठवू लागली; थांबायचं आणि दाखवायचं काम एकाच जागी आलं. प्रोग्रामची लांबी निम्मी झाली, आणि पडद्यावर आलं: ‘फेरी नोंदवताना, विहिरीचा क्रमांक वाचताना, मराठी आकडा समजला नाही.’

ड्रायव्हर मराठी आकडे लिहीत होता. ते न वाचणारी ओळ माझी होती. मी पिशवी आवरायला घेतली.

“कुठं निघालीस?”

“चूक माझी हाय, मॅडम.”

“चूक सापडली म्हणून माणूस काढायचा, तर आधी घरातला काढावा लागंल. बस. मराठी आकडे शिकव त्या प्रोग्रामला.”

नंतर ड्रायव्हर म्हणाला, “मॅडम, तुमचं ॲप आता आमच्या मंडळीवानी झालंय. कुठं चुकलो ते समदं सांगतंय.”

आता मी बंगळुरात नोकरी करते. भोवती सगळे पदवीधर. काही मोडलं की जो तो आपल्या पडद्यात तोंड घालतो. मी हात वर करते आणि माझ्या कोणत्या ओळीनं काय मोडलं, ते सांगते. पिशवी अजून हाताशी ठेवते. वाक्य मात्र पूर्ण होतं.